शेरूचं टक्कल आणि गल्लीभरचे डॉक्टर

"ते कुत्र्याचं मागून सांगा. आधी तुमच्या मनगटावर काय उठलंय ते दाखवा," मामी भिंतीपलीकडून म्हणाल्या.

मी गेले होते शेरूचं गाऱ्हाणं घेऊन. कानांच्या कडा उघड्या पडलेल्या, पुढच्या कोपरांवरचे केस गेलेले, पोटाला लाल पुरळ, आणि रात्रभर ओट्यावर पाय आपटल्याचा आवाज. मामींनी माझा हात ओढून उन्हात धरला. आतल्या बाजूचे बारीक लाल दाणे बघितले. पोटावर आहे का? आहे. लेकराच्या मांडीवर? तेही आहे, कुत्र्याला मांडीवर घेऊनच बसतंय दिवसभर. "मग लूत आहे," मामींनी निकाल देऊन टाकला. "डॉक्टरला दाखवा, नाई म्हणत नाई मी. पण लूतच आहे."

या मामी नेमक्या कुणाच्या मामी, हे विष्णुपुरीत कुणाला सांगता येणार नाही. विद्यापीठातले सर, इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलची पोरं, दूधवाला, सगळेच त्यांना मामी म्हणतात. मामा पशुसंवर्धन खात्यातून व्रणोपचारक म्हणून निवृत्त झाले. ढोरांच्या दवाखान्यात जनावराचे पाय धरायचे, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, ते काम. डॉक्टर बदलून जायचे, मामा तिथंच. लोहा, कंधार, मुखेड अशा गावांत नोकरी झाली. मामा स्वतः फारसे बोलत नाहीत; त्यांनी जन्मभर जे पाहिलं ते सगळं मामींच्या तोंडून बाहेर पडतं, आणि तेही आमच्या सामाईक भिंतीवर कोपर टेकून.

शेरूला हाक मारून त्यांनी भिंतीशी बोलावलं. वाकून त्याच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि कडेला कडा घासली, आपण तंबाखू चोळतो तशी. लगेच शेरूचा मागचा पाय हवेत खाजवायला लागला. कान सोडला, पाय थांबला. परत घासला, परत सुरू.

"बघितलं? दर वेळी असंच होतं असं नाई, पण झालं तर डॉक्टरला सांगायचं. त्यायला बरोबर कळतं."

पुढे डॉक्टरांनीही तपासायच्या टेबलावर पहिलं काम हेच केलं, तेव्हा मला मामींची फी द्यावीशी वाटली.

शेरू आमच्याकडे आला माळेगावच्या यात्रेतून. मार्गशीर्षातली खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, कोंबडे आणि कुत्री, सगळ्यांचा बाजार आणि प्रदर्शन. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच, त्यामुळे तिथं कुत्रं विकत घेणाऱ्या माणसाला उगीच पुण्य लागल्यासारखं वाटतं. आमच्या ह्यांना तसंच वाटलं असणार. विकणाऱ्यानं सांगितलं, अस्सल कारवानी आहे, लातूरच्या जानवळकडचं. मामींनी पहिल्याच दिवशी भिंतीवरून न्याहाळून सांगितलं होतं, "हे जानवळच्या वाटेनंसुद्धा गेलेलं नाई. पाय बरे आहेत, बाकी गावठी आहे." पण आखूड केस आणि पातळ कातडी तेवढी कारवान्याची उतरली आहे. अशा कुत्र्याचं टक्कल रस्त्यावरच्या माणसालासुद्धा दिसतं. लांब केसांच्या कुत्र्याला आतून काय झालंय ते महिनाभर कळत नाही.

आणि टक्कल रस्त्यावरच्या माणसाला दिसलं की रस्त्यावरचा माणूस औषध सांगतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर मी वाण लुटायला गेले होते की औषधं गोळा करायला, असं झालं. एकीनं सांगितलं फिनाईलनं आंघोळ घाला. दुसरीच्या दिरानं रॉकेल लावलं होतं. तिसरी म्हणाली ही सगळी उष्णता, अंडी बंद करा आणि ताक पाजा. एका निवृत्त गुरुजींच्या घरातून निरोप आला, गोचिडाचं ढोरांवर मारायचं औषध आहे, बाटलीत तळाला उरलंय, नेऊन लावा. ऑटोवाल्याचा उपाय ठरलेला: गाडीचं जळकं ऑइल. त्यात वर, "आमच्या गावी सगळे तेच लावतात, चार दिवसांत केस येतात."

"जळक्या ऑइलनं किडा मरत असेलही," मामी म्हणाल्या, "पण कुत्रं काय करतं? चाटतं. आन् ते ऑइल पोटात जातं. मामांनी असली कुत्री बघितलीत, उलट्या करून करून निपचित पडलेली, कातडी भाजल्यासारखी. लोक म्हणायचे लुतीनं मेलं." फिनाईलचंही तेच. फरशीसाठी केलेली वस्तू फरशीवर. रॉकेल त्यांनी नुसतं हात झटकून बाद केलं. ढोरांच्या गोचिडाच्या औषधावर मात्र त्या थांबल्या, कारण ते औषध खोटं नाही. "औषध खरंय, पण त्यात पाणी किती घालायचं ते बाटलीवरचं बारीक वाचायला लागतं. गुरुजींकडच्या बाटलीवर लेबलच राहिलेलं नसणार." खरंच नव्हतं.

गंधकाचं नाव निघालं तेव्हा मामींचा आवाज मऊ झाला. गंधकानं लुतीचे किडे मरतात, हे जुनंच ज्ञान आहे, माणसांच्या खरजेवरही गंधकाचं मलम चालायचं. दवाखान्यात औषध संपलं की मामा करंजीच्या तेलात गंधक घोटून द्यायचे. साडीला, चादरीला, अख्ख्या घराला त्याचा वास. "पण तेव्हा दुसरं नव्हतं म्हणून. आता आहे तर कशाला?" जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या गल्लीत हे वाक्य मला फार आवडलं.

मामींचं म्हणणं एवढंच, की औषध मागाहून. आधी गुन्हेगार कोण ते बघा. त्यांनी मला एक प्रश्न शिकवला आणि तो मी आता ज्याच्या त्याच्या कुत्र्याला लावते: खाजवून खाजवून केस गेले, की केस आपसूक गेले आणि कुत्रं मजेत आहे?

आपसूक गेलेल्यांचं घराणं वेगळं. कुत्री व्याली की दीड-दोन महिन्यांनी तिच्या अंगावरचे केस झडतात, बायांचे बाळंतपणानंतर जातात तसे, आणि परत येतात. सहा-सात वर्षांचं कुत्रं, दोन्ही कुशींवर सारखंच टक्कल, शेपटी उंदरासारखी, अंग सुटलेलं, दिवसभर झोपून. तिथं थायरॉईड तपासायचं असतं, त्याला तेल चोळून काय होणार? लहान पिल्लाच्या डोळ्याभोवती, ओठाच्या कडेला चट्टा पडला, खाज जवळपास नाही, तर तो डेमोडेक्स नावाचा दुसराच किडा. तो केसाच्या मुळाशी राहतो, जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर थोडा असतोच, आईचं दूध पितानाच पिल्लाला मिळतो, आणि आपल्याला लागत नाही. बहुतेक पिल्लांचे असे एक-दोन चट्टे वाढत्या वयाबरोबर आपोआप भरून येतात. अंगभर पसरला तर मात्र महिनोन्‌महिने औषध.

आणि मग आमच्या लाईनीतलं पॉमेरेनियन. त्याला मे महिन्यात, उकाड्याची दया येऊन, मशीननं तासडून काढलं होतं. नांदेडचा मे, दया येणारच. पण या जातीला दोन थर असतात केसांचे, आतली लोकर आणि वरचे लांब केस, आणि वरचा थर उन्हालाही अडवतो. तासल्यावर काही पॉमेरेनियनचे केस वर्षभर येत नाहीत, काहींचे ठिगळाठिगळांनी येतात. ते कुत्रं पुढच्या होळीपर्यंत स्वेटर घालून फिरत होतं. मालक सगळ्यांना सांगायचे, हार्मोनचा प्रॉब्लेम आहे. मामी भिंतीआडून म्हणायच्या, मशीनचा आहे.

खाजवणाऱ्यांत गर्दी जास्त. शेपटीच्या बुडाशी, कमरेवर दातांनी कुरतडत असेल तर पिसवा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते, एक चावली तरी आठवडाभर जीव खातात. मामींची तपासणी सोपी: कुत्र्याला पांढऱ्या ओल्या कापडावर उभं करून केस उलटे झटकायचे. काळे कण पडले आणि ओलीत त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती माती नाही, पिसवेची विष्ठा. म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. कानातून, बोटांच्या बेचक्यातून आंबूस वास, कातडी तेलकट आणि काळपट जाड, तर तिथं यीस्ट वाढलंय. गोदावरीच्या काठाला पावसाळ्यात, धरण भरल्यावर, हा प्रकार हमखास. गोल चट्टा, कडेला कोंडा, मधले केस तुटलेले, आणि घरातल्या पोराच्या गालावरही तसाच गोल, तर गचकरण. ते माणसाला लागतं आणि माणसावर मुक्कामही करतं. लुतीचा किडा तसा नाही. तो आपल्याला चावतो, खाज उठवतो, पण माणसाच्या अंगावर त्याचा संसार चालत नाही. कुत्रं बरं झालं की दोन-तीन आठवड्यांत आपलीही खाज उतरते. मामींचं हे ऐकूनच माझी अर्धी खाज गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी ब्लेडवर तेलाचा थेंब घेतला आणि शेरूच्या कानाची कड खरवडली. वरवर नाही, कातडी गुलाबी होऊन रक्ताचं पुसट ओलं दिसेपर्यंत. शेरूला मी धरलं होतं आणि मलाच धरायला कुणीतरी हवं होतं. ती खरड काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली. डॉक्टर बराच वेळ काच सरकवत राहिले. लुतीचा किडा असतानाही पुष्कळदा खरडीत सापडत नाही, म्हणून लक्षणं पक्की असतील तर न सापडताही औषध सुरू करतात, असं ते बोलत होते, आणि बोलता बोलता थांबले. "बघायचंय?" मी बघितलं. पाय आखडून घेतलेल्या कासवासारखं काहीतरी, आणि त्याचे आखूड पाय हलत होते. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते म्हणे मादी. कातडीत बोगदा खणून त्यात अंडी घालते आणि तीनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार. दोन महिने रात्री जागवणारं प्रकरण हे.

औषधाचा विषय निघाला आणि आमच्या गप्पांत समोरच्या घरातले सर सामील झाले. सर जीवशास्त्राचे, पेपर वाचत वाचत ऐकत असतात, आणि आपला विषय आला की पेपर घडी घालून येतात. त्यांनी आयव्हरमेक्टिनची गोष्ट सांगितली. सत्तरच्या दशकात जपानमध्ये सातोशी ओमुरा नावाचे शास्त्रज्ञ जागोजागची माती पिशव्यांत भरून आणायचे. इतो गावाजवळच्या गोल्फच्या मैदानाकडच्या मातीत त्यांना एक जिवाणू सापडला. अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातलं जंतांवर आणि किड्यांवर चालणारं द्रव्य ओळखलं. आधी ढोरांचं औषध झालं, मग आफ्रिकेत नदीकाठच्या माश्यांमुळे येणारं आंधळेपण रोखायला माणसांना दिलं गेलं. २०१५ साली दोघांना नोबेल.

"नोबेल मिळालं म्हणून गायीची बाटली कुत्र्याला टोचायची का?" मामींनी विचारलं.

सरांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. पण आमच्याकडे तेच चालतं. गोठ्यातलं इंजेक्शन, एका मिलीत दहा मिलिग्रॅम. गायीला हिशेब पन्नास किलोला एक मिली. कुत्रं दहा-बारा किलोचं, आणि टोचणारा अंदाजानं मिली-दीड मिली टोचतो. काही कुत्री निभावतात. कोलीसारख्या मेंढपाळी जातींची आणि त्यांच्या संकरांची कुत्री पुष्कळदा निभावत नाहीत. त्यांच्यात एका जनुकातल्या बदलामुळे हे औषध मेंदूत साचतं. कुत्रं झिंगल्यासारखं पडतं, दिसेनासं होतं, कधी मरतं. तो बदल २००१ मध्ये अमेरिकेत सापडला. आपलं गावठी कुत्रं कुणाकुणाचं मिळून झालंय, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. आता महिन्याला किंवा तीन महिन्यांतून एकदा खायला घालायच्या नव्या गोळ्या आल्यात, त्यांनी पिसवा, गोचीड, लूत सगळंच मरतं. फक्त फिट येणारं कुत्रं असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. आणि गोळी वजनावर. डॉक्टरांनी शेरूला काट्यावर चढवलं. माझा अंदाज चौदा किलोचा, काटा म्हणाला सव्वाअकरा.

मामींचा खरा राग कशावर असेल तर तो "खाज बंद" सुईवर. तालुक्याला एक होता म्हणे, नाव त्या सांगत नाहीत, पदवी होती की नव्हती तेही सांगत नाहीत. कुठलंही कुत्रं आलं की स्टेरॉइड. संध्याकाळी खाज बंद, मालक खूश, पेढे. महिन्यानं परत. स्टेरॉइड वाईट नाही, ॲलर्जीला डॉक्टर मोजून देतातही. पण आत डेमोडेक्स किंवा गचकरण असेल तर अंगाची लढाईच थांबते आणि रोग अंगभर पसरतो. "खाज गेली म्हणजे रोग गेला, असं समजणारं गिऱ्हाईक असल्यावर दुकान चालणारच," मामी म्हणाल्या. मेडिकलमधून आणलेलं माणसाचं तीन-चार औषधं कालवलेलं मलम कुत्र्याला चोळणारेही त्याच रांगेतले. ते मलम तर माणसालाही धड नाही.

आंघोळीच्या बाबतीत मी मामींशी भांडले. माझं म्हणणं, रोज घालते, स्वच्छ ठेवते. त्यांचं म्हणणं, म्हणूनच. कुत्र्याची कातडी आपल्याइतकी आम्ल नसते, आणि पातळही असते. आपला साबण, आपला शाम्पू तिला कोरडं करतो. डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवायचा होता, हे खरं अवघड काम. दहा मिनिटं शेरूला नळाशी गप्प ठेवायला आमच्या पोरानं मोबाईलवर घड्याळ लावलं आणि त्याला उकडलेल्या अंड्याचे तुकडे भरवत बसला. उष्णतावाल्या बाईंनी ते गच्चीवरून बघितलं. खाण्यानं खाज येत नाही असं नाही. कुठल्यातरी मांसाची, दुधाची ॲलर्जी असू शकते. पण ती ओळखायला दोन महिने एकच ठरावीक खाणं घालून बघावं लागतं. अंडं बंद करून ताक पाजल्यानं फक्त अंडं बंद होतं.

घराची बारी त्यानंतर आली. अंथरूण गरम पाण्यात, मग कडक उन्हात. पिसवेची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती कुत्र्यावर राहत नाहीत, गळतात. गादीखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात. आपण कुत्र्यावर बघतो त्या मूठभर, बाकी गाव घरातच असतं. गोचीड तर त्याहून वस्ताद. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते, भिंत चढते, चौकटीमागच्या भेगेत हजारोंनी अंडी घालते. मामींनी आमच्या ओट्याच्या दाराची चौकट टॉर्चनं बघितली आणि काडीनं उकरून दाखवलं. ते दाखवलेलं मी इथं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून भेगा बुजवल्या.

केस आले. आधी कानाच्या कडेला मखमलीसारखी लव, मग कोपरांना. माझं मनगटही साफ झालं. पण डॉक्टरांनी गोळी बंद करू दिली नाही, आणि मामींनी तर भिंतीवर दोन्ही हात टेकून बैठकच बोलावली: "शेरूला लागलं कुठून ते बघा. नाईतर पोळ्यापर्यंत परत हेच."

लागलं कुठून ते सगळ्यांना ठाऊक होतं. होस्टेलच्या मेसमागे एक काळी कुत्री असते. उष्ट्यावर पोसलेली, पाठीवर एक केस नाही, कातडी सुरकुतून राखाडी झालेली. सकाळी फिरायला नेलं की शेरू तिच्या अंगाला अंग लावून येतो. तिचा बंदोबस्त करा, म्हणजे पकडून गोदावरीपलीकडे सोडा, असा एक ठराव आला. मामींनी तो तिथंच फेटाळला. पलीकडच्या काठाला काय कुत्री नाहीत? दुसरा ठराव, गोळी द्यायची. ती कुणाच्या हातात येत नाही, पण होस्टेलच्या पोरांच्या हातून खाते. पोरं तयार झाली. गोळी खव्याच्या पेढ्यात घालायची, आधी दोन रिकामे पेढे द्यायचे, हा तपशील मामांनी पुरवला. त्या दिवशी त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

राहिली वर्गणी. गोळी महाग आहे. सरांनी सुचवलं, ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी सारखा वाटा द्यावा. पॉमेरेनियनवाले म्हणाले, त्यांचं कुत्रं साडेतीन किलोचं, गोळी वजनावर मिळते, तर वर्गणीही वजनावर असावी.

"मग तुमचं तासायच्या आधीचं वजन धरायचं की नंतरचं?" मामींनी विचारलं.

त्यांनी पूर्ण वाटा दिला.